बिनपायांची गौर

गेल्या वर्षी, २०२५ ला, गौरी फारच लवकर आल्या. ३१ ऑगस्टला आवाहन. आदल्या संध्याकाळी मोती चौकात नेहमीची झुंबड होती. शेवंतीचे ढीग, केळीचे खुंट, हळदीची पानं, गौरींच्या गळ्यात घालायच्या चमकीच्या माळा, आणि या सगळ्यावर थांबायचं नाव न घेणारी सातारी भुरभुर. रस्त्याच्या कडेला पोती अंथरून तेरड्याच्या पेंड्या विकायला बसलेल्या बायकांपैकी एका मावशींकडून मी पेंडी घेतली. ओल्या तेरड्याला एक कच्चा, हिरवा, किंचित काकडीकडे झुकणारा वास असतो. रिक्षात बसल्यापासून तो वास नाकात आणि माहेरचा ओढा डोळ्यांपुढे. घरी आल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सुतळी सोडली, देठं परातीत आडवी ठेवली आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, हिला पाय कुठायत?"

विळ्यानं तिरकी कापलेली देठं. स्वच्छ, एका मापाची. मूळ एकालाही नाही.

आता मुळं म्हणजे गौरीची पावलं, हे मी कुणाला नव्यानं सांगायला नको. आमच्याकडे पितळी मुखवटे आहेत, आईंच्या सासूबाईंच्या वेळचे, आणि ते उभ्याच्या गौरींवर बसतात. पण त्यांच्याआधी घरात येते ती तेरड्याची गौर. तिची मुळं धुवायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि कुंकवाच्या ठशांवरून तिला माजघर, स्वयंपाकघर, धान्याचे डबे असं सगळं घर दाखवत न्यायचं. एकीनं विचारायचं, "गौर आली कशाच्या पायांनी?" दुसरीनं सांगायचं, "सोन्यारुप्याच्या पायांनी." कापलेल्या देठांची पेंडी हातात घेऊन हा प्रश्न विचारायचा म्हणजे पंचाईतच. आई तशा सोवळ्याओवळ्याच्या नाहीत. पुरण मिक्सरमधून काढतात, टाळेबंदीच्या वर्षी हळदीकुंकू व्हिडिओ कॉलवर करून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या त्या विचारण्यात राग नव्हता, तक्रारही नव्हती. पाहुणी दारात उभी आहे आणि तिला आत कसं घ्यावं ते कळत नाही, असा तो सूर होता. म्हणून तो माझ्या डोक्यातून जाईना.

सकाळी पुन्हा चौकात गेले. सगळ्याच पोत्यांवर कापीव माल. कालच्या मावशींना विचारलं, "मुळासकट एखादी तरी नाही का?"

"न्हाय वो ताई," त्या म्हणाल्या. "आता कुनी उपटत न्हाय. मुळासंगं माती येती, वजान हुतंय, जीपवाला वरडतोय गाडीत चिखल केला म्हनून. आन् कापल्यालं पुन्यांदा फुटतंय की. उपटल्यालं काय फुटनार?" त्या परळी खोऱ्यातून आल्या होत्या, पहाटे अंधारात निघून. त्यांच्या बोटांच्या पेरांवर देठांचा चिकट रस वाळून काळपट झाला होता. त्यांचं म्हणणं मला तिथल्या तिथे खोडता येईना, आणि खरं तर खोडावंसंही वाटलं नाही. तरी घरी येईपर्यंत मनात वाद चालूच.

माझं माहेर ढेबेवाडी खोऱ्यात, वांग नदीच्या अंगाला. तिथं गौर विकत आणायची असते हे मला लग्न होऊन साताऱ्याला येईपर्यंत माहीत नव्हतं. गौरीच्या दिवशी दुपारी आळीतल्या सगळ्या सवाष्णी आणि पोरी ओढ्याकडे निघायच्या. तांब्यात पाणी, ताटात हळदकुंकू, सुपारी, खोबऱ्याची वाटी. ओढ्याच्या दोन्ही काठांवर, बांधांच्या उतारावर, पडक्या तालीच्या दगडांत, जिथं पाणी वाहून जातं पण ओल टिकते अशा प्रत्येक जागी तेरडा माजलेला असायचा. गुलाबी, जांभळट, क्वचित एखादा पांढरा. आजीचा नियम होता: एकटं उभं असलेलं झाड घ्यायचं नाही, दाटीतलं घ्यायचं. आणि बुंध्याला धरून सरळ वर ओढायचं, हिसका द्यायचा नाही. पावसानं भुसभुशीत झालेल्या मातीतून तेरडा इतका अलगद येतो की पहिल्यांदा उपटणाऱ्या पोरीचा तोल मागे जातो. मुळं पांढरी, केसाळ, आखूड. बुंध्याकडचं देठ लालसर, काचेतून उजेड दिसावा तसं पारदर्शक. खालच्या एक-दोन पेरांना बऱ्याचदा मातीच्या वरच मुळांच्या छोट्या गाठी आलेल्या असायच्या. त्या गाठी तेव्हा मी नुसत्या पाहिल्या होत्या. गेल्या वर्षी त्या पुन्हा आठवल्या, पण ते नंतर.

आम्हा पोरींचा जीव मात्र शेंगांत. फिकट हिरवी, बारीक लव असलेली, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती शेंग. पिकत आली की तिच्यात पाण्याचा ताण भरतो. बोटांच्या चिमटीत धरली रे धरली की तिची पाच सालपटं एका झटक्यात उलगडून आत गुंडाळली जातात आणि काळसर तपकिरी बी उडून दोन-चार हातांवर जाऊन पडतं. तळहातावर त्या झटक्याची जी गुदगुली होते ती दुसऱ्या कशानं होत नाही. चुलतभावाच्या कानाशी पिकली शेंग नेऊन दाबायची आणि पळायचं, हा आमचा भाद्रपदातला मुख्य उद्योग. मोठ्या बायका रागवायच्या. पण गौर उपटताना त्यांच्याही हातात शेंगा तडकत असायच्याच, आणि पदराला लागलेलं बी वाटेनं सांडत घरी यायचं. झाड उपटलं जातं त्याच धक्क्यानं त्याच्या पोराबाळांची पेरणी होते. तेरडा एका पावसाळ्याचंच झाड. जूनच्या पहिल्या सरींत दोन गोल दलांनी वर येतं, श्रावणात गुडघ्याला लागतं, आणि दिवाळीच्या सुमारास वाळून जातं. त्याचं मूळ जमिनीत ठेवलं काय नि काढलं काय, पुढल्या वर्षी उगवणार ते बियांतूनच. मातीत पडलेलं बी उन्हाळाभर तसंच पडून राहतं, पावसाची वाट बघत.

पण हे गणित तिथीवर अवलंबून आहे, हे मला फार उशिरा ध्यानात आलं. २०२३ ला अधिक श्रावण होता; त्या वर्षी गौरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या. तेव्हा आणलेल्या पेंडीत फुलं कमी आणि शेंगा जास्त होत्या, रात्रभर दिवाणखान्यात टिक् टिक् आवाज येत होता आणि सकाळी सतरंजीवर बी. गेल्या वर्षी ऑगस्ट सरायच्या आत गौरी आल्या, तेव्हा शेंगा जेमतेम धरत होत्या, कोवळ्या, दाबल्या तरी न तडकणाऱ्या. म्हणजे ज्या वर्षी गौर उशिरा येते त्या वर्षी ती मागे बी ठेवून येते, आणि लवकर येते त्या वर्षी पोटुशीच निघते. लवकर आलेल्या वर्षी मुळासकट पेंड्यांच्या पेंड्या उपटल्या तर त्या उताराचं पुढचं वर्ष रिकामं जाऊ शकतं. आळीतल्या दहा बायका उपटत होत्या तोवर हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या साताऱ्याला पुरवायचं म्हटल्यावर विळा हातात घेणाऱ्या मावशी अडाणी म्हणता येत नाहीत.

फूल नीट बघायला मात्र मला चाळिशी उजाडावी लागली. लहानपणी नुसतं तोडलं. पाकळ्या बाजूला करून आत पाहिलं तर वरच्या पाकळीच्या खाली, अगदी तोंडाशी, एक छोटी पांढरट टोपी दिसते. पाच पुंकेसर डोकी जुळवून ती टोपी करतात. फुलाच्या मागे बाक घेतलेली बारीक नळी असते, तिच्या टोकाशी मध. त्या मधासाठी मधमाशी आत घुसली की तिच्या पाठीवर टोपीतले पराग घासले जातात. दिवस-दोन दिवसांत ती टोपी अख्खीच्या अख्खी गळून पडते, आणि तिच्या आत झाकलेला हिरवा स्त्रीकेसर उघडा होतो. आता जी माशी येईल तिच्या पाठीवर दुसऱ्या फुलाचे पराग असतील. म्हणजे तेरड्याचं फूल आधी नर, मग मादी. एका झाडावर दोन्ही अवस्था शेजारी शेजारी लटकत असतात. पानांच्या देठावर बारीक गाठी दिसतील, त्यांतूनही गोड रस पाझरतो आणि त्यावर मुंग्यांची ये-जा चालते. आणि एखाद्या वर्षी शेपटीवर काटा मिरवणारी, अंगावर डोळ्यांचे ठिपके काढलेली जाड अळी अर्धं झाड फस्त करून बसलेली असते. माहेरी तिला बघून किंचाळणाऱ्यांत मी पहिली. तिचा पुढे सुंदर, वेगानं उडणारा पतंग होतो हे कळल्यावरही किंचाळते.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण उठसूट म्हणतो. पाकळीपुरतं ते खरं असेल. नखांचा अनुभव वेगळा आहे. माझी एक आत्या गौरीच्या दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्या पोरींना ओसरीवर ओळीनं बसवायची. पाटावर तेरड्याच्या पाकळ्या, दोन-चार पानं आणि तुरटीचा खडा वाटायची, तो लगदा नखांवर ठेवायची आणि वरून पान गुंडाळून दोऱ्यानं बांधायची. पाकळ्या गुलाबी, पण रंग यायचा विटकरी, मेंदीच्या जवळचा. रात्रभर बोटं ताठ धरून झोपायचं. सकाळी कुणाचं गुंडाळं उशाला, कुणाचं भावाच्या केसांत. बोटाच्या कातडीवरचा रंग खरंच तीन-चार दिवसांत जायचा. नखात मुरलेला मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत हटायचा नाही. दिवाळीत फराळाचं ताट हातात घेतलं की नखांच्या टोकांना भाद्रपदाची कोर दिसायची. माझी भाची हल्ली सारख्या कोरियन मालिका बघते. तिनं मला एक दिवस फोनवर दाखवलं: तिकडच्या मुलीही हेच करतात. हाच तेरडा, हीच तुरटी, तशीच रात्रभर बांधलेली बोटं. आणि त्यांच्यात म्हणे, पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग राहिला तर पहिलं प्रेम सफळ होतं. आपण त्याच फुलाला तीन दिवसांची मुदत देऊन मोकळे झालो. कोरियातल्या मुली जास्त धोरणी निघाल्या. ("मग तुझं काय झालं गं मावशी?" भाचीनं विचारलं. साताऱ्यात बर्फ पडत नाही, असं सांगून मी विषय संपवला.)

आजीला नखांशी देणंघेणं नव्हतं. तिच्या लेखी तेरडा पायांचा. भातलावणीत दिवसदिवस चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या. पांढरी पडलेली, सोललेली, आग आग होणारी कातडी. घरात मेंदी असली तर मेंदी, नसली तर परसातला तेरडा ठेचून बेचक्यांत भरायचा. मेंदीतल्या रंगद्रव्याच्या नात्यातली द्रव्यं तेरड्यातही असतात आणि ती बुरशीला मारक असतात, हे मी पुढे वाचलं. आजीनं वाचलेलं नव्हतं. चुलीचा चटका बसला तरी तिचा हात तेरड्याच्या पानाकडेच जायचा. त्या पाणीदार पानाचा गारवा लागतो हे खरं, पण आज कुणी भाजलं तर मी आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरीन आणि डॉक्टर गाठीन. सगळंच जुनं ते सोनं असं मला वाटत नाही. चिखल्यांचा उपाय मात्र मी पायांनी भोगून पाहिलेला आहे, त्याबद्दल बोलते.

तर गेल्या वर्षीची ती बिनपायांची गौर. आईंनी शेवटी तोडगा काढला. देठांच्या टोकांना ओल्या हळदीचा लेप दिला, कुंकू लावलं, आणि ठशांवरून नेताना प्रश्नोत्तरं नेहमीसारखीच झाली, फक्त उत्तर देणाऱ्या जावेनं आवाज थोडा खाली घेतला. शेपूची भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरण, तिसऱ्या दिवशी दहीभात घेऊन गौर गेली. पेंडीतली चार-पाच देठं जास्तीची होती. ती आईंनी पाण्याच्या काचेच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती, फुलं चांगली आहेत म्हणून. सणानंतरच्या पसाऱ्यात तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. आठवडा-दीड आठवड्यानं बरणी धुवायला घेतली तर पाण्यात बुडालेल्या पेरांमधून पांढऱ्या मुळ्या सुटलेल्या. बारीक, गच्च, चारी बाजूंनी. माहेरच्या ओढ्यात बुंध्याला पाहिलेल्या गाठी मला तेव्हा आठवल्या. तेरड्याच्या पेरात मूळ धरायची तयारी आधीपासून असते. ओल मिळाली की झालं. मी आईंना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून बरणी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बघ. मिरवायची होती तेव्हा नाही आले." ती देठं आम्ही कुंडीत लावली, ती तगली, थोडी फुललीही.

मावशींचंही मग तपासून बघावंसं वाटलं. सप्टेंबर सरताना यवतेश्वराच्या घाटात गाडी थांबवून उतारावर चढले. तिथंही कुणी कापणी करून गेलेलं होतं. वीत-वीतभर उरलेल्या बुंध्यांतल्या बऱ्याच जणांना खालच्या पेरांतून नवे फुटवे आले होते, बुटके, पण कळ्यांनी भरलेले. जे अगदी जमिनीसरशी कापले होते ते मात्र कुजून गेले होते. म्हणजे मावशी बरोबर होत्या, विळा किती वर धरलाय त्यावर. आजीही बरोबर होती, दहा बायकांपुरती.

घाट चढून पुढे गेलं की कास. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. तिथं जांभ्या दगडावरच्या चिमूटभर मातीत वीत-दीड वीत उंचीचा जो गुलाबी तेरडा फुलतो तो आमच्या ओढ्यातल्या तेरड्याचा भाऊबंद, निराळ्या जातीचा. त्याच्यासाठी ऑनलाइन बुकिंग, पाटी, रखवालदार, फोटोसाठी रांग. आणि हे सगळं असायलाच हवं. पायवाट सोडून गालिच्यात बसकण मारणारी मंडळी पाहिली की मलाच काठी हातात घ्यावीशी वाटते. फक्त एक गोष्ट खटकते. कासला जाऊन आलेली माणसं घाटाच्या वळणावर, गटाराच्या कडेला, तेवढ्याच गुलाबी रंगात उभ्या असलेल्या तेरड्याकडे मान वळवूनही बघत नाहीत. रस्ता रुंद करताना जेसीबी पहिला तोच उतार खरवडतो. त्याची ना नोंद ना हळहळ, कारण तो दुर्मिळ नाही. आणि गंमत म्हणजे वर्षातून एकदा सोन्यारुप्याच्या पायांनी घरात येण्याचा मान आपण ह्या गटाराकाठच्यालाच दिलाय. कासचं दुर्मिळ फूल कुणाच्या देव्हाऱ्यात आलेलं मी ऐकलं नाही, येऊही नये.

बाजारावर माझा राग नाही. मोती चौकात पेंडी मिळते म्हणून फ्लॅटमधल्या घरांतही तेरड्याची गौर येते. नाहीतर एव्हाना प्लॅस्टिकची आली असती, ती येतेच आहे म्हणा, शेजारच्या दुकानात, धुता येईल अशी. पण पेंडी विकत घेतल्यापासून आपल्याला झाडाची जागा माहीत राहिली नाही, हे मला बोचतं. आजीला ओढ्याचं कुठलं वळण यंदा विरळ झालंय हे ठाऊक असायचं आणि ती त्या वर्षी बायकांना दुसऱ्या बांधाकडे न्यायची. मावशींनाही त्यांचे उतार ठाऊक असणार. मला फक्त भाव ठाऊक आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, गौरी पार सप्टेंबरच्या मध्यावर जाणार, म्हणजे पेंडीत पिकल्या शेंगा नक्की. मी आईंना आत्तापासून सांगून ठेवलंय की गौरीखाली सतरंजी नको, जुनं पांढरं धोतर अंथरू, बी सगळं गोळा करू आणि पुढल्या जूनमध्ये कॉलनीच्या मागच्या ओहोळाला फेकू. त्यांना पटलं. धोतरही त्यांनी ट्रंकेतून काढून ठेवलंय. एकच शंका त्यांनी काढली: "आरती चालू असताना तडकून कुणाच्या डोळ्यात गेलं म्हणजे?" मी म्हटलं, पुढे उभं राहायला तुमच्या मुलालाच सांगू, त्याला चष्मा आहे.